दरडोईचा हिशेब

दादाभाई नौरोजी १८७४ साली याच बडोदे नगरीचे दिवाण होते. दिवाणगिरी अल्पकाळच टिकली. त्या दशकात त्यांनी मांडलेले गणित मात्र टिकून राहिले. हिंदुस्थानचे उत्पन्न लोकसंख्येने भागून त्यांनी दरडोई वार्षिक प्राप्ती अवघी वीस रुपये असल्याचे दाखवून दिले.

या भागाकाराचे स्मरण १९९१ साली पुन्हा व्हावे, असा प्रसंग आला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने पृथ्वीच्या तापमानवाढीस कारणीभूत असणाऱ्या पहिल्या पाच राष्ट्रांत भारतालाही बसविले होते. मोटारींचा धूर आणि भातखाचरांतील मिथेन एकाच तागडीत तोलले गेले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी पुस्तिका लिहून उत्तर दिले. समुद्र आणि अरण्ये जो वायू शोषून घेतात, त्या शोषणशक्तीवर प्रत्येक माणसाचा सारखाच हक्क आहे. पोटासाठी निघणारा वायू आणि चैनीसाठी निघणारा वायू एक नव्हेत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पण नुसत्या युक्तिवादाने भागत नाही, मोजावे लागते. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी देशभरच्या भातशेतांत मोजणी केली. भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन निघतो, असा अमेरिकी अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे चाळीस लाख टन भरला. परदेशी शेतांतील मापे आमच्या शेतांना लावली होती! आमची पुष्कळशी खाचरे पावसावर अवलंबून, सतत पाण्याखाली नसतात, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते.

पुढे १९९२ च्या रिओ परिषदेत 'समान, परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व मान्य झाले. पैशाची गोष्ट निराळी. गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करून देण्याचे वचन २००९ साली कोपनहेगनला दिले गेले. श्रीमंत देशांच्याच हिशेबाप्रमाणे ते प्रथम २०२२ मध्ये पुरे झाले, तेही मोठ्या अंशी कर्जाच्या रूपाने.

आज भारतीयाचा वाटा वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकनाचा सुमारे चौदा. हा आकडा आपण जगाला अभिमानाने सांगतो आणि तो खराही आहे. मात्र वातानुकूलित बंगला आणि गॅसचा सिलिंडर न परवडणारी झोपडी, दोन्ही त्याच सरासरीत बसतात. दादाभाईंनी हे तेव्हाच ओळखले होते. वीस रुपये ही केवळ सरासरी आहे, वरच्या वर्गांचा मोठा वाटा वजा जाता गरिबाच्या हाती तेवढेही पडत नाही, असे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले होते.