हौशी रेडिओ : सार्वजनिक कार्यक्रमांतील सुरक्षा संदेशवहन

मॅरेथॉन, सायकल शर्यत, मिरवणूक अशा दूरवर पसरलेल्या कार्यक्रमांसाठी परवानाधारक हौशी रेडिओचालक (हॅम) विनामोबदला उभारतात ती बिनतारी संपर्कव्यवस्था. अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉन हे तिचे ठळक उदाहरण. हॉपकिंटन ते बॉस्टन या ४२.१९५ किमी. मार्गावरील वैद्यकीय केंद्रांवर आणि शर्यत सोडलेल्यांना उचलणाऱ्या बसगाड्यांत हॅम बसतात.

कोण कुठे, कोणत्या कंप्रतेवर आणि रिपीटर (संदेश ग्रहण करून पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र) बंद पडला तर पुढे काय, हे आधीच लेखी ठरते. सगळे बोलणे नियंत्रण केंद्रामार्फत होते. तातडीचा निरोप आला की बाकीचे थांबतात. चालक बदलला तरी जागा ओळखू यावी म्हणून ‘वैद्यकीय सात’ अशी ठिकाणाची नावे वापरतात; मात्र अमेरिकी नियमांनुसार स्वतःचे परवाना-संकेतनाम दर दहा मिनिटांनी आणि संभाषण संपताना सांगावेच लागते. हे बोलणे कोणालाही ऐकू येते, सांकेतिक भाषेत लपवण्यास मनाई आहे. म्हणून जखमी धावपटूचे नाव न घेता छातीवरचा क्रमांक सांगणे हीच योग्य पद्धत.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ बाँबस्फोट झाले, मोबाइल जाळ्यांवर प्रचंड ताण आला आणि फोन लागेनासे झाले. हॅमची संपर्कव्यवस्था मात्र चालू राहिली. अशा कसोटीच्या वेळी उपयोगी पडते ती आधीची तालीम. महागडा संच दुय्यम ठरतो. भरलेली जादा बॅटरी आणि गोंगाटात ऐकण्यासाठी कानाला लावायचा इअरफोन प्रत्येकाकडे हवाच.