साताऱ्याची पंगत

मंगळवेढ्याला आजही रेल्वे नाही. १९५० नंतरच्या त्या वर्षांत इथल्या पोराला शिकायला साताऱ्याला जायचं असलं, तर आधी बैलगाडीनं नाहीतर सर्व्हिस मोटारीनं पंढरपूर गाठावं लागे. तिथं बार्शी लाईट मिळे. कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत १९०६ साली आलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १९२७ मध्ये पुढं मिरजेपर्यंत गेली होती. मिरजेला उतरून पुण्याकडं जाणारी मीटरगेज धरायची, सातारारोडला उतरायचं, आणि सातारा शहर तिथूनही चांगलं लांब. माझे वडील, ज्यांना घरादारात सगळे आबा म्हणतात, या वाटेनं गेले तेव्हा १२-१३ वर्षांचे होते. पत्र्याची ट्रंक आणि एक घोंगडी एवढंच सामान. त्याच डब्यात दाराशी मंगळवेढ्याचाच आणखी एक मुलगा बसला होता. दोघं एकमेकांना तोंडओळखीनं ओळखत होते, पण बोलले कधीच नव्हते. तो महारवाड्यातला. पंढरपूर ते मिरज आख्खा दिवस गाडी ठेचकाळत गेली, तरी दोघांत शब्द झाला नाही. सातारारोडला उतरल्यावर कळलं, दोघांनाही एकाच ठिकाणी जायचं आहे.

ते ठिकाण म्हणजे रयत शिक्षण संस्थेचं बोर्डिंग. तो मुलगा पुढं प्राथमिक शिक्षक झाला, हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. आम्ही त्यांना मास्तरकाका म्हणतो.

आबांचे बोर्डिंगचे सोबती दरवर्षी पौषात आमच्या रानात हुरड्याला येतात. मिरजेचे काका पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, उमेदीची वर्षं त्यांनी उजनीच्या धरणावर काढली. कोरेगावचे काका एसटीत होते. एक अण्णा वकील. सगळे आता ८५ च्या आसपास. पूर्वी जीपभर माणसं यायची, आता एका गाडीत मावतात.

आमचं रान काळं, खोल. ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची आणि नंतर पाणी न देता केवळ जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर, थंडीच्या दहिवरावर ती वाढवायची, ही इथली जुनी रीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मातीमुळं. कणीस चिकातून बाहेर पडलं आणि दाणा कडक व्हायच्या आत असला, की तो हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, हिरवा वास बदलून गोडसर झाला की काढायची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. फुंकर मारली की कूस उडतं आणि हातात हिरवे, लुसलुशीत दाणे उरतात. आता या मंडळींचे हात चोळायला धजत नाहीत, म्हणून चोळायचं काम माझ्याकडं. बरोबर कारळ्याची चटणी, दही, गूळ. तिघांना मधुमेह आहे. गुळाचा खडा तिघंही उचलतात, आणि एकमेकांकडं न बघता खातात.

मग खबरबात सुरू होते. आधी गुडघे, मग डोळे, मग सुना-जावई. वकीलअण्णांचा मुलगा अमेरिकेत, नातवाला मराठी समजतं पण बोलता येत नाही. कोरेगावच्या काकांनी दोन एकर विकले, ते सांगताना खाली मान घालून काडीनं राख उकरत बसले. मिरजेच्या काकांची बायको मागच्या आषाढात गेली. ही बातमी सगळ्यांना फोनवर कळलेली होती, तरी त्यांनी ती इथं पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि कुणी मधे बोललं नाही. ज्यांनी १५ व्या वर्षी एकमेकांना ज्वरात पाणी पाजलं, त्यांना बातमी फोनवर देऊन भागत नाही.

हे सगळं झालं की गाडी बोर्डिंगवर येते. मला वाट असते ती याची.

मंगळवेढा १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. ऐपतीच्या घरची पोरं शिकायला सांगलीला जायची, तिथं हायस्कूल होतं, विलिंग्डन कॉलेज होतं. ज्याच्या बापाकडं खानावळीचे पैसे नाहीत, त्याला साताऱ्याचं नाव कुणीतरी सांगे. कुंभोजचे भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. शेतकऱ्याच्या घरात शिक्षण का शिरत नाही, हे त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून पाहिलं होतं. १९१९ साली काले इथं त्यांनी संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, जिथं मुलगा फीऐवजी कष्ट देई. कमवा आणि शिका.

भाऊरावांना मुलं अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. वहिनी १९३० सालीच गेल्या होत्या, या म्हाताऱ्यांपैकी कुणाच्या जन्माच्याही आधी. तरी ते त्यांच्याबद्दल असं बोलतात की जणू काल त्यांनीच वाढलं. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा वहिनींनी अंगावरचं सोनं काढून दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे थोरल्या मुलांनी धाकट्यांना सांगायचं, त्यांनी पुढच्यांना. माझ्यापर्यंत ते असंच आलं आहे. १९४८ मध्ये अण्णांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं होतं. गाडगेबाबा मधे पडले, लोकांनी हात दिला, अनुदान पुन्हा सुरू झालं. आबा गेले तेव्हा ती गोष्ट ताजी होती. घरोघरी बायका रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि ते बोर्डिंगला जायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. आपण कुणा एकाच्या दयेवर जेवत नाही, हे त्यामुळं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, असं वकीलअण्णा म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

पहिल्या रात्रीची पंगत मात्र आबा आणि मास्तरकाका वेगवेगळी सांगतात.

आबांच्या सांगण्यात ती छोटी आहे. पाटावर बसलो, शेजारी कोण आलं ते पाहिलं, भाकरी तोडली. मास्तरकाका म्हणतात, "तुमच्या बापानं भाकरी तोडली खरी, पण तोंडात घालायला येळ लावला. मी बघत होतो. आमटी पार गार झाली." आबा यावर काही बोलत नाहीत, नुसते मान हलवतात. मंगळवेढ्यात दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. तिथं १२ वर्षांत जे झालं नव्हतं, ते एका थाळीच्या अंतरावर बसून झालं, तेही दीडदोनशे किलोमीटर लांब जाऊन. आठवडाभरानं दोघांना स्वयंपाकाची पाळी एकत्र आली. आबांना भाकरी थापता येत नव्हती, मास्तरकाकांना येत होती. त्यांच्या हातची भाकरी त्या दिवशी सगळ्या बोर्डिंगानं खाल्ली.

सुट्टीत गावी आल्यावर अवघड झालं. मास्तरकाका आबांना भेटायला आमच्या वाड्याच्या दाराशी आले. माझ्या आजीनं पोराला जेवू घातलं, पण ओट्याखाली, वेगळ्या पानावर. आबा स्वतःचं ताट घेऊन बाहेर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. आमच्या घरात ही गोष्ट फार अभिमानानं सांगितली जाते. एकदा हुरड्याच्या वेळी मी ती सांगत होतो, तेव्हा मास्तरकाकांनी मला थांबवलं. "तो बाहेर आला, हे खरं हाय. पण मी आत गेलो न्हाई, हेबी खरं हाय. दोन्ही लिही." तेव्हापासून मी ही गोष्ट दोन्हीसकट सांगतो. आजी पुढं बदलली, मास्तरकाकांच्या लग्नात तिनं सूनमुखही पाहिलं, पण त्यात १० वर्षं गेली.

मंगळवेढ्यात अशा गोष्टींना पाठीमागं फार जुनं बळ आहे. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली करणारे दामाजीपंत इथले. त्या धान्याचे पैसे बिदरला भरायला विठोबा विठू महार होऊन गेला, असं आमचा गाव मानतो. देवाला ते रूप घ्यावं लागलं, हे कीर्तनात सांगताना माना डोलतात. आणि चोखोबा इथंच गेले, १३३८ साली, गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशा खुणेनं नामदेवांनी ती ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारापुढं समाधी दिली, ही कथा इथल्या लहान पोरालाही पाठ असते. मास्तरकाका ती वेगळ्या जागेवरून सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा हे मॅट्रिकच्या वर्षाला होते आणि जायला पैसे नव्हते. पुढं गावात घेतली. ते म्हणतात, "हाडं काय बोलली ते तुम्ही सांगा. भिंत कुणासाठी बांधत होते, आणि बांधणाऱ्यांना तिच्या आत ऱ्हायला जागा होती का, ते मी सांगतो." गावात चोखोबांवर जितकं बोललं जातं त्यात हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शाळेतल्या पोरांना गोष्ट सांगताना ते गाळू नये.

मिरजेच्या काकांची आवडती आठवण पाचगणीची. एका गुरुजींनी काही मुलांना वाईवरून घाट चढवून टेबललँडवर नेलं होतं. तिथं पाचगणीच्या बोर्डिंग शाळेची पोरं दिसली, कोट घातलेली, पायात बूट, आपसांत इंग्रजी. एकानं यांना बिस्किटं देऊ केली, यांनी कमरेची भाकरी सोडून त्याला दिली. कोट घातलेल्या त्या पोरानं चटणी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं, हे सांगताना मिरजेचे काका अजून हसून हसून खोकतात. त्याच वर्षांत, १९५५ पासून, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. शाळेतल्या मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढं जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. त्या बँडात ड्रम वाजवणारा मुलगा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख. एक पुण्यात हॉटेल चालवू लागला. फ्रेडीच्या वर्गमित्रांनाही म्हातारपणी लोकांनी शोधून काढलं, तो कसा होता म्हणून विचारलं. आमच्या आगटीभोवतीच्या माणसांना विचारायला कुणी आलं नाही. म्हणून मी विचारतो आणि लिहून ठेवतो. घरापासून तुटून एका छपराखाली वाढलेली पोरं काय होतात हे समजून घ्यायचं, तर साताऱ्याच्या बोर्डिंगात पाचगणीपेक्षा काही कमी नाही.

९ मे १९५९ ला भाऊरावअण्णा पुण्यात वारले. त्या वेळी हे सगळे पांगलेले होते. कोरेगावचे काका तेवढे साताऱ्याला पोचले. गर्दीत त्यांना बोर्डिंगातलं ओळखीचं एकही तोंड दिसलं नाही, सगळे आलेत असं मात्र वाटत होतं, असं ते म्हणतात.

दरवर्षी मळणी झाली की आमच्या घरून ज्वारीचं एक पोतं साताऱ्याला वसतिगृहात जातं. आबांनी सुरू केलेली रीत. मास्तरकाकांना शेत नाही. ते बाजारातून ज्वारी विकत आणून त्यात भर घालायचे. मागच्या हुरड्याला त्यांनी जाहीर केलं, की यापुढं पोतं अर्धं-अर्धं, पावशेरभरही इकडं-तिकडं होता कामा नये. आबा म्हणाले, "अरे मास्तरा, तुझी पेन्शन ती केवढी, आणि ज्वारीचा भाव बघितलास का?"

"भाव बघितलाय," मास्तरकाका म्हणाले. "पोतं तुझं, निम्मी ज्वारी माझी. पावतीवर नावं दोन. आणि माझं आधी लिहायचं, अक्षरानुक्रमात मी तुझ्या वर होतो."

खरंच वर होते का, यावर वकीलअण्णांनी हजेरीपटातली नावं तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली.