मनोविकारासह जगताना : औषधे, दुष्परिणाम आणि समाजाची नजर

यशवंतपूर (बंगळूर) : पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने दक्षिणेकडे येणाऱ्या अनेक रेल्वेगाड्या बंगळूर शहराच्या वायव्य भागातील यशवंतपूर स्थानकावर येतात. नोकरी, शिक्षण आणि व्यापार यांसाठी येणाऱ्यांप्रमाणेच उपचारांसाठी येणारी कुटुंबेही या मार्गाने प्रवास करतात. शहराच्या दक्षिण भागात, होसूर रस्त्यावर असलेली राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेतासंस्था विज्ञान संस्था, म्हणजेच ‘निम्हान्स’, हे त्यांपैकी अनेकांचे गंतव्य असते. गावाजवळ डॉक्टर नसणे हे या लांबच्या प्रवासाचे एक कारण असते. ओळखीच्या कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे तितकेच प्रबळ असे दुसरे कारण असते. मनोविकार असलेल्या व्यक्तीला आजाराशी, औषधांच्या परिणामांशी आणि समाजाच्या नजरेशी एकाच वेळी झुंजावे लागते. या तिन्ही बाबींचा हा आढावा.

संस्थेची वाटचाल

बंगळूर येथील जुन्या मनोरुग्णालयाला १९२५ मध्ये ‘म्हैसूर सरकारचे मनोरुग्णालय’ असे नाव देण्यात आले. १९५४ मध्ये त्याच परिसरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये या दोन्हींच्या विलीनीकरणातून निम्हान्सची स्थापना झाली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. नातेवाइकांना रुग्णासोबत ठेवून उपचारात सहभागी करून घेण्याची पद्धत भारतात रुजविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. या पद्धतीचा पाया १९५० च्या दशकात अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी घातला होता. अपुऱ्या खाटांमुळे त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारले आणि त्यांत रुग्णांसमवेत नातेवाइकांची राहण्याची सोय केली. ज्या समाजात रुग्णाला दाखल करून घरचे निघून जात, तेथे हा बदल लहान नव्हता.

निम्हान्सने कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात राबविलेल्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना मनोविकारांवरील उपचारांचे प्रशिक्षण देण्यात आले. याच प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. सीमाभागातील मराठी भाषकांसाठी धारवाडचे मनोरुग्णालयही परिचित आहे. १८४५ पासूनची परंपरा असलेली ही संस्था दीर्घकाळ मुंबई इलाख्यात होती. महाराष्ट्रात येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी ठाण्याचे रुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे.

आजाराची व्याप्ती

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. या विकारांत अवसाद (ज्याला बोलीभाषेत नैराश्य म्हटले जाते), चिंताविकार, व्यसनाधीनता, द्विध्रुवीय विकार आणि स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कता यांचा समावेश होतो. याच सर्वेक्षणातील दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर होता. निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून दूर होत्या. उपचारांच्या या अभावामागे तज्ज्ञांची टंचाई आणि खर्च ही कारणे आहेत, तसेच आजार लपविण्याची वृत्तीही आहे.

औषधांचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्र मनोविकारांवर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णाला कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे हेच ‘उपचार’ होते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होत असल्याचे दाखविले. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि जगभरातील मनोरुग्णालयांचे स्वरूप बदलू लागले.

या इतिहासात भारताचेही स्थान आहे. सर्पगंधा या वनस्पतीचे मूळ आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात पूर्वापार वापरले जात असे. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचे परिणाम ब्रिटिश नियतकालिकातून मांडले. पुढे या मुळापासून वेगळे केलेले रेसरपिन हे द्रव्य पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत वापरले गेले. मात्र काही रुग्णांत त्यामुळे खिन्नता वाढत असल्याच्या तक्रारी आल्या आणि नवी औषधे उपलब्ध होताच मनोविकारांसाठी त्याचा वापर मागे पडला. जे औषध एका लक्षणाला आवर घालते ते दुसरा त्रास निर्माण करू शकते, ही मनोविकारशास्त्रातील अडचण या उदाहरणातून तेव्हाच स्पष्ट झाली होती.

औषधांचे परिणाम आणि दुष्परिणाम

हॅलोपेरिडॉलसारखी जुनी विकृतिरोधक औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य रोखतात. त्यामुळे भास आणि संशय कमी होतात. पण डोपामिन शरीराच्या हालचालींवरही नियंत्रण ठेवत असल्याने हातांना कंप सुटणे, अंग ताठरणे, चेहरा निर्विकार दिसणे, एका जागी बसवेनासे होणे असे त्रास उद्भवतात. दीर्घकाळ औषध घेतलेल्या काही रुग्णांत ओठ, जीभ व जबडा यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात आणि त्या औषध थांबविल्यावरही राहू शकतात. घराबाहेरची मंडळी यालाच ‘वेडाची लक्षणे’ समजतात. अर्थात, ज्या उपचाराने आजार आटोक्यात येतो, त्याच उपचाराने आजाराची ओळख चारचौघांत उघड होते.

ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांसारख्या नंतरच्या पिढीतील औषधांनी हालचालींचे त्रास बऱ्याच अंशी कमी झाले. परंतु वजन वाढणे, रक्तातील साखर व चरबी वाढणे, सुस्ती, मासिक पाळी अनियमित होणे, लैंगिक इच्छा मंदावणे हे परिणाम त्यांतील काही औषधांनी दिसतात. मधुमेहाचे प्रमाण आधीच मोठे असलेल्या आपल्या देशात ही बाब दुर्लक्षिता येणार नाही. इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी क्लोझापिन प्रभावी ठरते. मात्र त्यामुळे क्वचित पांढऱ्या रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटतात. म्हणून प्रचलित पद्धतीनुसार सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासले जाते.

लिथियमच्या बाबतीत उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर राखावे लागते. जुलाब, उलट्या, कडक उन्हाळ्यातील घाम किंवा निर्जळी उपवास यांमुळे शरीरातील पाणी कमी झाल्यास हे प्रमाण वाढू शकते. त्यामुळे रक्ताबरोबरच मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांचीही वेळोवेळी तपासणी आवश्यक असते. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करू शकते, हे तरुण स्त्रियांना उपचार सुरू करतानाच सांगितले जाणे गरजेचे आहे.

अवसादावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, तर मळमळ, अस्वस्थता यांसारखे त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार बळावत नाहीत ना, यावर कुटुंबाने लक्ष ठेवावे असे तज्ज्ञ सांगतात. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या चिठ्ठीविना परस्पर घेणे धोक्याचे ठरते.

औषध का बंद होते?

त्रास जाणवतो म्हणून, बरे वाटू लागले म्हणून किंवा कोणी पाहील म्हणून अनेक रुग्ण औषध परस्पर बंद करतात. नव्या घरी गेलेली सून गोळ्यांचे पाकीट लपविते. वसतिगृहातील विद्यार्थी सहनिवाशांसमोर गोळी घेण्याचे टाळतो. वजन वाढलेली तरुणी डॉक्टरांना न सांगता मात्रा निम्म्यावर आणते. औषध अचानक थांबल्यास काहींना चक्कर, निद्रानाश व बेचैनी जाणवते आणि तीव्र विकारांत आजार उलटण्याची शक्यता वाढते. आजार उलटला की ‘औषधांचा काही उपयोग नाही’ हा समज दृढ होतो.

यात दोष केवळ रुग्णाला देता येणार नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाला मिळणारी मिनिटे मोजकी असतात आणि दुष्परिणामांची, विशेषतः लैंगिक त्रासांची, चौकशी त्यात राहून जाते. वास्तविक बहुतेक त्रासांवर मार्ग असतो. मात्रा कमी करणे, घेण्याची वेळ बदलणे, औषध बदलणे, दर काही आठवड्यांनी इंजेक्शन देणे किंवा आहार व व्यायामाची जोड देणे, यांपैकी काही ना काही करता येते. मात्र त्यासाठी रुग्णाने त्रास सांगावा आणि डॉक्टरांनी तो ऐकावा, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात.

कलंक आणि समाज

मराठी समाजात मनोविकाराला वेड, बाधा, करणी अशी नावे मिळाली. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी देवऋषी, दर्गा, मठ अशी वाट चालणारी कुटुंबे आजही आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळदंडांनी बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. या घटनेची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

या विषयावर मराठी माणसांनी उभे केलेले कामही उल्लेखनीय आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रयत्नांतून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने छिन्नमनस्क व्यक्तीचे आणि तिच्या कुटुंबाचे जगणे मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले. अतुल कुलकर्णी यांनी त्यात मुख्य भूमिका केली होती.

विवाह हा या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग होय. ‘लग्न केले की सुधारेल’ या समजुतीने आजार लपवून विवाह उरकले जातात. हिंदू विवाह कायद्यानुसार महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळविलेली संमती विवाह रद्द ठरविण्याचे कारण होऊ शकते. दुसरीकडे, केवळ छिन्नमनस्कतेचे निदान घटस्फोटासाठी पुरेसे नसून आजाराची तीव्रता तपासावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले आहे. तात्पर्य, कायदा लपवालपवीला संरक्षण देत नाही, तसाच निदानाच्या शिक्क्यालाही अंतिम मानत नाही.

कायद्याने दिलेले हक्क

१९१२ चा वेडेपणाविषयक कायदा आणि त्यानंतरचा १९८७ चा कायदा यांचा भर प्रामुख्याने रुग्णालयातील दाखल्यावर होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला आणि रुग्णाचे हक्क हा त्याचा गाभा ठरला. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे :

– शासकीय किंवा शासन-अनुदानित सेवेतून परवडणारे व दर्जेदार उपचार मिळण्याचा हक्क.

– भविष्यात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा, तसेच आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क.

– आजाराविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा आणि स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्क.

– साखळदंड वापरण्यास आणि भूल न देता विद्युत-उपचार करण्यास मनाई.

– आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून शासनाने तिची काळजी घेण्याचे बंधन.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने सर्वसाधारण कलम ठेवण्यात आलेले नाही. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण द्यावे, असे निर्देश विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश असून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सवलती मिळू शकतात. मात्र प्रमाणपत्र घेणे म्हणजे आजार जाहीर करणे, या धास्तीने अनेक पात्र व्यक्ती अर्जच करीत नाहीत. हक्क आणि कलंक यांची गाठ येथे पुन्हा पडते.

मदत कोठे मिळेल?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिच्या समन्वयाची जबाबदारी निम्हान्सकडे सोपविण्यात आली. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. याशिवाय जिल्हा रुग्णालयांतील मानसिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील बाह्यरुग्ण विभाग येथेही उपचार उपलब्ध असतात. दर खेपेस लांबचा प्रवास शक्य नसल्यास मोठ्या संस्थेतील निदान व औषधांची चिठ्ठी घेऊन पुढील उपचार आपल्या जिल्ह्यात सुरू ठेवता येतात.

औषधांमुळे होणारा प्रत्येक त्रास तारखेसह लिहून ठेवावा, तो पुढील भेटीत डॉक्टरांना दाखवावा आणि त्यांच्या सल्ल्याविना औषध थांबवू अगर बदलू नये, असा सल्ला तज्ज्ञ देतात. नातेवाइकांनी गोळी घेतली की नाही एवढेच न विचारता ती घेतल्यावर कसे वाटते, हेही विचारावे. मनोविकार असलेल्या असंख्य व्यक्ती उपचार घेत नोकरी करतात, संसार करतात, मुले वाढवितात. त्यांतील बहुतेकांचा आजार शेजाऱ्यांना ठाऊक नसतो. तो ठाऊक झाल्यावरही त्यांचे स्थान बदलणार नाही, अशी खात्री ज्या दिवशी त्यांना वाटेल, त्या दिवशी औषधाची गोळी लपवावी लागणार नाही.