घोडमाश्यांच्या सापळ्यात वासाचे काम

१. मूळ मजकुरात सापळ्यात सापडलेल्या घोडमाश्यांचे सारे श्रेय वासाला दिले आहे; ते अर्धेच खरे. गुरांच्या श्वासातले ऑक्टेनॉल माश्यांना ओढते, हे 1984 साली आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीवरच्या संशोधनातून पुढे आले. पुढे घोडमाश्याही त्याला भुलतात असे दिसले. जोडीला कार्बन डायऑक्साइड किंवा मुरलेल्या मूत्रातला अमोनिया असेल तर सापळ्यातली भर आणखी वाढते. तरीही नुसती ऑक्टेनॉलची कुपी टांगल्याने माशी सापळ्याच्या बरणीत शिरत नाही. वास तिला जवळ आणतो, पण शेवटच्या टप्प्यात ती डोळ्यांवरच विसंबते. म्हणूनच कॅनडात घडलेल्या मॅनिटोबा सापळ्यात छत्रीखाली काळा चकचकीत गोळा लोंबत असतो, उन्हाने तापलेला, वाऱ्याने डुलणारा. माशी त्यावर झेपावते, रक्त मिळत नाही म्हणून उजेडाच्या दिशेने वर चढते आणि शेंड्यावरच्या बरणीत अडकते.

मग वासावर खर्च कशाला, असे कोणी विचारेल. गोळा दिसतो तेवढ्याच टापूत काम करतो. झाडीआडच्या माशीपर्यंत वासच पोचतो. हलत्या सावजावर झेपावणाऱ्या हरणमाश्यांच्या बाबतीत मात्र हलती चिकट पट्टी अधिक भरवशाची. वासाने माश्या गोठ्याकडेच येतील, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. चावते ती मादी, आणि तिच्या रक्ताळलेल्या सोंडेवरून सर्रा रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. तेव्हा सापळा गोठ्यापासून लांब, झाडीच्या कडेला, उघड्या उन्हात लावावा. कुपी गोठ्याच्या दारात कधीही टांगू नये. – संपादक