ओबेर्झची कुळकथा

फ्रान्सच्या ग्रामीण मुलुखात जेथे खाली भोजनगृह, मागे मुदपाकखाना आणि वर मोजक्या खोल्या असतात, आणि जेथे प्रवासी मुक्कामाला उतरला म्हणून जेवत नाही, तर जेवायला आला म्हणून मुक्काम करतो, अशा घराला ‘ओबेर्झ’ म्हणतात. परंतु लोण्याच्या वासाने भारलेल्या या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते सापडते फौजेच्या छावणीत. प्राचीन जर्मानिक भाषांतील सैन्यवाचक आणि रक्षणवाचक अशा दोन शब्दांच्या संयोगातून ‘सैन्याचा निवारा’ हा अर्थ सिद्ध झाला. इटालियनांचे ‘आल्बेर्गो’ आणि जहाजांना आसरा देणारे इंग्रजांचे ‘हार्बर’ ही त्याच कुळातील भावंडे. आपली ‘सराई’ त्या मानाने खानदानी, कारण फारसीत तिचा अर्थ राजवाडा असाही होतो.

जुन्या ओबेर्झमध्ये निवडीला वाव नसे. ठरल्या वेळी, एकाच लांब मेजावर, परक्यांच्या पंक्तीला बसून, यजमान वाढील ते मुकाट्याने खावे असा शिरस्ता होता, आणि त्याला ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचे मेज, म्हणत. (फ्रेंचांचा ‘ओत’ हा शब्द यजमान आणि पाहुणा दोघांनाही लागतो, पैसे कोणी मोजायचे याविषयी मात्र तेथे कधी घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही.) निवडीची मुभा आली ती ‘रेस्तोराँ’त; हे मुळात 18व्या शतकातील पॅरिसमध्ये अशक्तांना तरतरी देणाऱ्या मांसरसाचे नाव, ते पुढे दुकानालाच चिकटले.

आगगाडी आल्यावर डाकेची घोडी तबेल्यातच राहिली आणि रस्त्याकाठच्या या घरांवर अवकळा आली. त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळवून देण्यात रबरी धावांचा हात मोठा. मोटार जितकी फिरेल तितका टायर झिजेल, या निखळ व्यापारी हिशेबाने मिशेलिन बंधूंनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढून फुकट वाटली. 1926 पासून तीत उत्तम भोजनासाठी तारका उमटू लागली, आणि पुढे तीन तारकांचा अर्थ ठरला की, केवळ या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. आता इतक्या दुरून येऊन, तीन तास भोजन आणि त्यासोबत द्राक्षासव झाल्यावर, अंधारात मोटार हाकण्याची इच्छा कोणाला व्हावी?

अल्सासमधील इल नदीकाठी हेबर्लिन कुटुंबाचे ‘हिरवे झाड’ नावाचे असेच एक साधे घर होते, नदीच्या मासळीसाठी नावाजलेले. दुसऱ्या महायुद्धात ते जमीनदोस्त झाले, आणि पुन्हा उभे राहिले तेव्हा त्याने नाव घेतले ‘ओबेर्झ द लिल’. फौजांनी पाडलेल्या घराने फौजेचाच शब्द पाटीवर मिरवावा, यातील गंमत मालकांच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही. 1967 ते 2019 या घराकडे तीन तारका होत्या. तेथे जेवलेला पाहुणा निजतो तो बागेच्या टोकाला, त्या भागातील तंबाखू वाळवण्याच्या कोठारासारख्या बांधलेल्या इमारतीत.