मृतांची साक्ष

अपघाताची वार्ता आली कीं ‘दोष कोणाचा?’ हाच प्रश्न आपल्या ओठीं प्रथम येतो. चौकशी करणाऱ्यास मात्र आधीं ‘घडलें काय?’ हें शोधावें लागतें. आणि ज्यांनीं तें पाहिलें ते बहुधा बोलावयास उरलेले नसतात. तरीहि त्यांची साक्ष घेतां येते, हें कॉमेट विमानाच्या इतिहासावरून श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

१० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून लंडनकडे निघालेलें हें जेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळलें. आंतील ३५ माणसांपैकीं एकहि वांचला नाहीं. सांपडलेले १५ मृतदेह पिसा येथें डॉक्टर फोर्नारी यांनीं तपासले. फुप्फुसें फाटलेलीं, कवट्या फुटलेल्या. भाजल्याच्या खुणाहि होत्या, पण त्या मृत्यूनंतरच्या! म्हणजे आग मागाहूनची. आधीं विमानांतील दाबाखालची हवा एका क्षणांत निसटली असली पाहिजे.

इकडे इंग्लंडांत मुख्यतः आगीचाच संशय धरून अनेक दुरुस्त्या झाल्या व २३ मार्च रोजीं उड्डाणें पुन्हां सुरू झालीं. ८ एप्रिल रोजीं रोमहून कैरोकडे जाणारें दुसरें कॉमेट नेपल्सजवळ समुद्रांत पडलें. आणखी २१ जीव गेले. खरें कारण हातीं येण्यापूर्वीं केलेली घाई अशी महाग पडली.

मग फार्नबरो येथें आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखालीं एका कॉमेटचें धड पाण्याच्या हौदांत बुडविलें. पंख तेवढे बाहेर. दाबलेल्या हवेनें धड फुटलें तर बाँबसारख्या चिंधड्या उडतात. पाण्यांत तसें होत नाहीं, आणि चीर कोठें सुरू झाली तें दिसतें. आंतील दाब चढवावा व उतरवावा, कीं एक उड्डाण झालें. खरीं व कृत्रिम मिळून सुमारें ३,००० उड्डाणें होतांच धडाच्या एका झरोक्याच्या कोपऱ्याशीं पत्रा फाटला. तार पुनःपुन्हां वांकविली कीं तुटते, तसाच हा धातूचा थकवा.

दुसरीकडे धडाची एक लहान पारदर्शक प्रतिकृति करून तींत बाहुल्या बसविल्या. ती फुटतांच बाहुल्या छताकडे फेंकल्या गेल्या. कवट्यांचें कोडें उलगडलें. ऑगस्टमध्यें समुद्रतळाहून छताचा तुकडा वर आला. त्यावरहि झरोक्याच्या कोपऱ्यापासून निघालेली चीर होती. वैद्याचें आणि यंत्रज्ञाचें म्हणणें तंतोतंत जुळलें.

पुढील कॉमेट विमानांस जाड पत्रा व गोल खिडक्या आल्या. अपघाताच्या चौकशीचा हेतु कोणास दोषी ठरविणें नसून पुढील अपघात टाळणें हा होय, असा आंतरराष्ट्रीय नियम आजहि आहे. आणि मृत वैमानिकांची शवपरीक्षा त्याच नियमांत सांगितली आहे. मृतांना न्याय देण्याचा याहून उपयुक्त मार्ग कोणता असणार?