गुरुत्वाकर्षणाचा शोध कोणाचा? शालेय विज्ञान अध्यापनातील एका प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण 'गुरुत्वाकर्षण' हे आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील शाळांत हे प्रकरण शिकविताना 'गुरुत्वाकर्षण न्यूटनने शोधले की भास्कराचार्यांनी?' असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. अभिमानापोटी दिलेले किंवा उपेक्षेने टाळलेले असे दोन्ही प्रकारचे उत्तर विद्यार्थ्यांची दिशाभूल करते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

भास्कराचार्यांचे प्रतिपादन :
भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये रचला. त्यातील गोलाध्यायात ते असे मांडतात की, पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडते आहे असे आपणांस वाटते. पृथ्वी सतत खाली जात आहे, या बौद्धांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मताचे त्यांनी खंडन केले. सर्व बाजूंनी आकाश सारखेच असता पृथ्वीने पडावे तरी कोठे, असा त्यांचा सवाल आहे. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूस राहणारी माणसेही आपल्यासारखीच निर्वेधपणे वावरतात, हेही ते सांगतात. 'खाली' ही दिशा निरपेक्ष नाही, हा विचार येथे स्पष्ट दिसतो. असाच विचार सातव्या शतकात ब्रह्मगुप्तानेही मांडला होता.

पाटणचा शिलालेख :
चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखाचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लावला व १८६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिले, असे त्यावरून समजते. लेखाचा काळ शके ११२८ असा आहे. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. ग्रंथाइतकीच तो शिकविणारी संस्थाही महत्त्वाची असते, याची ही साक्ष होय. १८६१ मध्ये विल्किन्सन यांनी केलेले व पुण्यात जन्मलेल्या बापूदेव शास्त्री यांनी तपासलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि हा विचार पाश्चात्य विद्वानांपर्यंत पोहोचला.

न्यूटनचे वेगळेपण :
भास्कराचार्यांच्या ग्रंथात आकर्षण आहे, परंतु त्याचे परिमाण किती, हा प्रश्न नाही. शिवाय ग्रहांच्या गतीचे कारण म्हणून त्या परंपरेत प्रवह वायू मानला जाई. न्यूटनने १६८७ मध्ये दोन नव्या गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूस आकर्षिते. दुसरी, हे बल वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. याची कसोटी दहावीचा विद्यार्थीही घेऊ शकतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. म्हणून चंद्र एका सेकंदात ४.९ मीटरचा ३६०० वा भाग, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळला पाहिजे. आणि प्रत्यक्षात तो तितकाच वळतो. झाडावरून पडणारे फळ व आकाशातील चंद्र यांना एकच नियम लागू होतो, हा न्यूटनचा खरा शोध होय. या नियमातील स्थिरांक काढण्यास उपयोगी पडलेला प्रयोग कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये केला.

महाराष्ट्रातील पुढील परंपरा :
कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी फ्रेड हॉईल यांच्यासमवेत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा एक पर्यायी सिद्धान्त मांडला, तसेच मराठीतून विपुल विज्ञानलेखन केले. उपनगरांपुरते पाहता चुनाभट्टी येथील मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६) आणि मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) या संस्थांचे कार्य पाटणच्या मठाची आठवण करून देणारे आहे.

समारोप :
तात्पर्य, 'पृथ्वी ओढते' हा विचार भास्कराचार्यांच्या ग्रंथात निःसंशय आहे. 'किती ओढते आणि पृथ्वीच नव्हे तर सर्वच वस्तू ओढतात' हे न्यूटनने सांगितले. एकाचे श्रेय मान्य केल्याने दुसऱ्याचे उणे होत नाही. शिक्षकांनी दोन्ही विधाने शेजारी शेजारी ठेवावीत आणि मग विद्यार्थ्यांच्या हाती दोरा व दगड द्यावा. मुंबईत गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. त्यामुळे एक मीटर लांबीच्या लंबकास २० लहान आंदोलनांसाठी सुमारे ४० सेकंद लागतात. हे मोजमाप स्वतः करणारा विद्यार्थी 'शोध कोणाचा?' या वादात न अडकता 'हे कसे कळले?' असे विचारू लागेल. इतिहासाच्या व विज्ञानाच्या अध्यापकांनी हा पाठ एकत्र येऊन शिकविणे म्हणूनच आवश्यक वाटते.